क्वालिटीभाऊंची पट्टी

सुप्याच्या एमआयडीसीत क्वालिटीभाऊंना सगळेच टरकून असतात: ऑपरेटर, सेटर, टेम्पोतून माल घेऊन येणारे छोटे वेंडरसुद्धा. भाऊंच्या टेबलावर डिजिटल व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गो-नोगो गेज मांडलेले असते. त्यातली नोगो बाजू भाऊंना विशेष प्रिय. माप पाच शतांश मिलिमीटरने जास्त निघाले की ते चष्मा कपाळावर सारतात, जॉबला लाल टॅग बांधतात आणि शांतपणे विचारतात, "ड्रॉइंग वाचता येतं का?" यावर उत्तर द्यायचे नसते. नव्या पोरांना जुने लोक हे पहिल्याच शिफ्टला सांगून ठेवतात.

हाच माणूस सुट्टीच्या दिवशी बनियनवर, आपल्या पल्सर 220 समोर उकिडवा बसतो, तेव्हा मोजायला त्याच्याजवळ फक्त बोटे असतात.

"डूम दोन बोटं खाली घ्यायचंय."

दोन बोटे म्हणजे नेमके किती, असे आम्ही विचारले. भाऊंनी तर्जनी आणि मधले बोट जोडून दाखवले. ड्रॉइंग झाले.

आता थोडी गाडीची हकिकत. पल्सर 2001 मध्ये आली तेव्हा तिला पुढे साधा गोल दिवा होता. 2007 ची 220 आली ती मोठे फेअरिंग आणि एकाखाली एक असे दोन दिवे घेऊन. हे डूम स्प्लेंडरच्या डूमसारखे हँडलबरोबर वळत नाही. ते चासीला पक्के असते आणि हँडल त्याच्या मागे फिरते. तेव्हा हँडल पूर्ण वळल्यावर मध्ये किती जागा उरावी, खड्ड्यात शॉकअप दबला की मडगार्ड किती वर येईल, हा सगळा हिशेब कुणीतरी पगार घेऊन केलेला असणार. भाऊंचे म्हणणे, तो हिशेब पुण्याच्या हवेसाठी केला. सुप्याचा वारा त्यांना कुठे माहीत!

वाऱ्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही. पारनेर तालुक्यातल्या पठारांवर पवनचक्क्या काही शोभेला उभ्या केलेल्या नाहीत. आषाढात शिरूरकडे निघाले की पश्चिमेचा वारा माणसाला मागे ढकलतो. पण काच खाली गेली तर तोच वारा छातीवर जास्त येणार नाही का, एवढी शंका आम्ही काढली.

"तुमचं एरोडायनॅमिक्स कच्चं आहे," भाऊ म्हणाले.

खरे कारण वेगळेच होते. हायवेवरच्या चहाच्या टपरीपुढे एका पोराची गाडी उभी असायची, नाक जमिनीला टेकल्यासारखी. ती पाहिल्यापासून भाऊंचा चहा गार होऊ लागला होता.

तर पट्टी. भंगारवाल्याकडून पाऊण इंची, दीड सूत जाडीची आणली. दोन तुकडे कापले. वरच्या होलात मूळ जागेचा बोल्ट, खालच्या होलात डूम, अशी साधी योजना. वाकवायला वाइस नव्हती म्हणून पट्टी गेटच्या गजात अडकवून ओढली. पट्टी थोडी वाकली, गेट जास्त वाकले. ड्रिल मारताना पंच मारायचा राहिला, बिट सरकले आणि होल लांबट झाले. कंपनीत होल ओव्हल निघाले तर भाऊ अख्खी लॉट परत पाठवतात.

"भाऊ, होल ओव्हल झालं."

"ओव्हल नाही, स्लॉट आहे. ॲडजस्टमेंटसाठी ठेवलाय."

खिडकीच्या ग्रिलचा उरलेला रेड ऑक्साइड मारला, वर काळा हात दिला. डाव्या बाजूला एक वायसर लागला, उजव्या बाजूला तीन. का, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

वहिनी बाहेर आल्या, गाडीकडे बघून म्हणाल्या, "अहो, ही नमस्कार कुणाला करतीय?"

संध्याकाळी दिवा लावला तर उजेड पुढच्या चाकापलीकडे जाईना. टायरची नक्षी मात्र उत्तम दिसे. पट्टी पुन्हा गेटात घातली. दुसऱ्या दिवशी उजेड इतका वर गेला की डोंगरावरच्या पवनचक्कीची पाती मोजता आली असती. मग हँडल डावीकडे पूर्ण वळेना; भाऊंनी उजवीकडून वळसा घालून घरी यायचा रस्ता शोधला. मग स्पीडब्रेकरवर मडगार्ड डूमला खालून ठोसे द्यायला लागले, तेव्हा त्यांनी मडगार्डच काढले. पहिल्या पावसात म्हसणे फाट्यावरून येताना भाऊ छातीपासून कपाळापर्यंत सारवून निघाले. "पण वारा लागला नाही," असे ते नंतर आम्हाला म्हणाले.

उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये ते बजावले आहे. भाऊंना हे तोंडपाठ. आयएसओच्या ऑडिटमध्ये वाढलेला माणूस! त्यांचा खुलासा असा, "मी बदललं कुठं? आहे तेच खाली घेतलंय."

अखेर एका रविवारी त्यांच्या लाइनवरचा एक ऑपरेटर सहज म्हणून आला. सहज म्हणून त्याच्या खिशात व्हर्निअर होते. त्याने डावी पट्टी मोजली, उजवी मोजली, चष्मा नसतानाही कपाळावर काहीतरी सारले आणि म्हणाला, "भाऊ, सहा मिलिमीटरचा फरक आहे." मग दुसऱ्या खिशातून लाल टॅग काढून हँडलला बांधला.

आम्ही श्वास धरून उभे. भाऊंनी टॅग वाचला.

"डेव्हिएशनवर पास कर."

"कस्टमरची सही लागते, भाऊ."

"कस्टमर मीच."

त्यांनी टॅगवर सही केली, तारीख टाकली, पोराला आग्रहाने दोन कप चहा पाजला, गेटपर्यंत सोडायलाही गेले. सोमवारी पहिल्या शिफ्टला त्या पोराचा ट्रेभर माल रिजेक्ट झाला. होल ओव्हल होते म्हणे.