सदाशिव एकटाच करतो

आमच्या शेजाऱ्याला आम्ही घरात सदाशिव म्हणतो. 'एकटा जीव सदाशिव' मधला सदाशिव. त्याचं खरं नाव वेगळं आहे, आणि तसा तो एकटाही नाही. बायको आहे, तीन मुलगे आहेत, दोन कुत्री आहेत. पण कामाच्या बाबतीत इतका एकटा माणूस मी अख्ख्या मिशिगनात पाहिला नाही. गॅरेजचं दार त्यानं एकट्यानं बसवलं. घराच्या छपराचा अर्धा भाग एकट्यानं शाकारला. जुना फ्रीज तळघरात एकट्यानं उतरवला. तो फ्रीज अजून जिन्याच्या सातव्या पायरीवरच आहे, आणि आता त्यात रंगाचे डबे ठेवतात.

या जातीच्या माणसाची पहिली खूण अशी की तो कधीही मदत मागत नाही. दुसरी खूण, तो फोन करतो.

"शनिवारी सकाळी काय करतेयस?" सप्टेंबरात त्याचा फोन आला. "काही नाही, असंच विचारलं. मी मागच्या रानात लॅडर स्टँड उभा करणार आहे. एकटाच. बघायचं असेल तर ये."

लॅडर स्टँड म्हणजे शिडीचं मचाण. अठरा फुटी लोखंडी शिडी, तिच्या डोक्यावर खुर्ची, पायाखाली जाळी, पुढं बंदूक टेकवायला एक दांडी. हे सगळं झाडाला टेकवून पट्ट्यांनी करकचून बांधायचं आणि वर जाऊन हरणाची वाट बघत बसायचं. हरीण सहसा वर बघत नाही आणि माणसाचा वास त्याच्या डोक्यावरून निघून जातो, हा त्यामागचा हिशोब. मिशिगनात बंदुकीच्या शिकारीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो आणि ३० ला संपतो. वार कुठलाही असो, तारीख तीच. खेडेगावांतल्या कितीतरी शाळा त्या दिवशी सरळ सुट्टी देतात, कारण मुलंही येत नाहीत आणि मास्तरही. आमच्या चंद्रपुराकडं पोळ्याला जी कळा असते ती इथं १५ नोव्हेंबरला. फरक एवढाच की पोळ्याला जनावराला ओवाळतात.

शनिवारी सकाळी नऊला मी गेले. खोकं उघडलेलं होतं आणि पुस्तिका गवतात पडली होती. मी ती उचलली, कारण आमच्या घरात पुस्तिका वाचण्याचं काम माझ्याकडे असतं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हे उभं करायला किमान तीन माणसं हवीत. खाली चित्र: दोघं शिडी उचलतायत, तिसरा पायथा दाबून धरतोय. तिघंही हसतमुख.

"तीन माणसं लिहिलंय," मी म्हटलं.

"ते वकिलांनी लिहिलंय," सदाशिव म्हणाला.

खोक्यावर वजन होतं ११० पौंड. म्हणजे ५० किलो, सिमेंटची एक गोणी. आता गोणी उचलणारी माणसं आपण रोज बघतो, पण गोणी अठरा फूट लांब नसते आणि तिचा सगळा जीव एका टोकाला नसतो. या शिडीचं खुर्ची, जाळी, दांडी असं सगळं जड सामान वरच्या टोकाला. ती जमिनीवरून उचलताना सुरुवातीला सोपी वाटते, कारण आपण टोकाला धरलेलं असतं. मग एकेक पायरी पुढं सरकत, हात उंच करत, तिच्याखालून पायथ्याकडे चालत जायचं. अर्ध्या वाटेवर आपले हात पायथ्याजवळ येतात आणि वजन मात्र पलीकडे वरच राहतं. तिथं ५० किलोचे ७० होतात, ८० होतात. नेमक्या त्याच जागी माणसाला कळतं की आता पुढंही जाता येत नाही आणि सोडताही येत नाही.

सदाशिवला हे कळलं तेव्हा तो शिडीखाली दोन्ही हात वर करून उभा होता, दहीहंडीच्या खालच्या थरातल्या गोविंदासारखा. मान लाल, गुडघे किंचित वाकलेले. दवानं ओल्या गवतात शिडीचे पाय बोटबोट मागं सरकत होते.

"धरू का?" मी विचारलं.

"नको! बाजूला हो!"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण सदाशिव ओरडला की मला ते 'तू' ऐकू येतं आणि कॉफी देताना 'तुम्ही'. हे 'तू' होतं. मी बाजूला झाले. त्यानंही अंग चोरून बाजूला उडी मारली, आणि शिडी सफरचंदाच्या झाडाची एक फांदी घेऊन खाली आली. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. सफरचंदं मात्र पडत राहिली.

"अंदाज घेतला," तो म्हणाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भारतात संध्याकाळचे सात वाजत आले होते, म्हणजे बाबांचा व्हिडिओ कॉल. बाबा वरोऱ्याजवळ शेती करायचे. रानडुकरं आणि रोही यांच्या पायी त्यांची अर्धी हयात जागलीत गेली. हरभरा वर आला की शेतात मचाण बांधायचं, रात्रभर वर बसायचं, डबा वाजवायचा, आरोळ्या मारायच्या. आमचं ते मचाण म्हणजे सागाच्या चार मेढी, आडव्या बल्ल्या आणि वर तट्ट्या. ते उभं करायला चौघं लागत आणि सहा येत. उरलेले दोघं "डावीकडं घ्या" म्हणायला. न बोलावता आलेला माणूस ही किती मोठी सोय असते ते मला इथं येऊन कळलं. इथं कोणी आपण होऊन येत नाही, म्हणून बिचाऱ्या सदाशिवाला फोन करून सांगावं लागतं की मी एकटा आहे.

बाबांनी पडद्यात डोळे बारीक केले.

"हा बुढा काहून एकटा करून रायला?"

"त्याची आवड आहे, बाबा."

"शिडीचे पाय बांधले का त्यानं? त्याले म्हण, पयले खालचे पाय बांध. पाय सरकले का समदंच येते खाली."

मी भाषांतर केलं. सदाशिव फोनकडे बघून म्हणाला, "हो, तेच करणार होतो." या जातीची ही तिसरी खूण.

पण त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. दुसऱ्या वेळी त्यानं काम नीट केलं. आधी झाड पुन्हा पाहिलं. त्याच्या रानात अॅशची झाडं पुष्कळ, आणि ती जवळजवळ सगळी वाळलेली. २००२ साली मिशिगनातच, डेट्रॉइटच्या बाजूला, एक हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला, आशियातून आलेला. तो अॅशच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि अळ्या सालीखाली शिरून झाडाचा अन्नरस तोडतात. त्यापायी कोट्यवधी झाडं गेली. मेलेली अॅश सरळसोट उभी असते, मचाणासाठी अगदी मोहात पाडणारी, आणि वर चढलं की काडकन मोडते. सदाशिवनं ओक धरला. जिवंत, सरळ, मिठीत जेमतेम मावणारा.

मग घरातली साधी शिडी त्या ओकला बांधली, कमरेचा दोर बुंध्याभोवती घेत वर गेला आणि मचाणाच्या माथ्यापेक्षा उंच जागी कप्पी अडकवली. कप्पीतून दोर. दोराचं एक टोक मचाणाच्या माथ्याला, दुसरं गवत कापायच्या ट्रॅक्टरला. साधी शिडी वाटेतून काढली. मचाणाचे पाय बुंध्याच्या तळाशी पट्ट्यानं आवळले. माथ्याला आणखी एक लांब दोर, डोलणारी शिडी आवरायला. तो त्यानं स्वतः दूर उभं राहून धरला. राहता राहिला ट्रॅक्टर.

"तू नुसती बसायचंस," तो मला म्हणाला. "काम इंजिन करणार."

मी बसले. बाबांना समोरच्या खोक्यात टेकवून ठेवलं. "हळू," सदाशिव म्हणायचा. "हयू हयू," बाबा म्हणायचे. मी गोगलगायीच्या चालीनं पुढं जात होते आणि पाठीमागं ५० किलो लोखंड मुकाट्यानं उभं राहत होतं. ओकला टेकल्याचा ठक्क आवाज झाला तेव्हा टाळ्या पहिल्यांदा वरोऱ्यात वाजल्या.

इथवर आल्यावर बहुतेक माणसं आनंदानं वर चढतात, आणि इथंच पडतात. शिडी टेकलेली असते, बांधलेली नसते. सदाशिवनं जमिनीवरूनच दोन दोर बुंध्यामागून फुलीसारखे फिरवून आवळले. मग शिडीच्या मध्यावर जो आडवा दांडा झाडाला भिडतो, तो बसवला. त्यानं शिडी पोटात लवत नाही. आता फक्त वरचे पट्टे राहिले. त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तोवर त्याची बायको परसदारातून आली. तिच्या एका हातात कॉफीचा मग आणि दुसऱ्या हातात हार्नेस. मांड्या, छाती, खांदे सगळं बांधणारा हा पट्टा खोक्यातच येतो. तो अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता. ती काही बोलली नाही. नवऱ्याला हातानं बाजूला सारून शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसली आणि सावकाश कॉफी प्यायला लागली. पाच मिनिटं गेली. सदाशिवनं पिशवी फाडली. बकल उलटं लागलं, परत काढलं, परत लावलं. तिनं डाव्या मांडीचा पट्टा ओढून पाहिला, त्याचा फोन सामानाच्या पिशवीतून काढून त्याच्या छातीच्या खिशात घातला, मग उठली. लटकलेला माणूस खाली ठेवलेल्या पिशवीतला फोन घेऊ शकत नाही. नुसतं लटकून राहणंही धोक्याचंच. रक्त पायात साकळतं आणि तासाभराच्या आत माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून हार्नेसबरोबर पाय टेकवायला एक छोटा फास येतो, तोही तिनं खिशात कोंबला. मला वाटतं, अमेरिकेतली निम्मी शिकारी माणसं आज जिवंत आहेत ती अशा दुसऱ्या पायरीवर बसणाऱ्या बायकांमुळं. याला पुरावा नाही.

वरचे पट्टे आवळून तो खुर्चीवर बसला, आणि बराच वेळ खाली उतरलाच नाही. तिथून त्याला आमचं स्वयंपाकघर दिसतं, असं त्यानं ओरडून कळवलं.

दुपारी जादा पट्टे आणायला आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. खारी पट्टे कुरतडतात, उन्हानं ते कुजतात, झाड जाडावलं की ताणतात. वर्षाच्या वर्षाला बदललेले बरे. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लॅडर स्टँड? कोणी लावला?"

"मी," सदाशिव म्हणाला. "एकट्यानं."

पट्ट्यांची पिशवी माझ्या हातात होती. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

नोव्हेंबरात दारात मांसाचं एक पाकीट आलं, वर बाबांचं नाव चुकीच्या स्पेलिंगात. ते वरोऱ्याला पाठवण्याची सोय नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. बाबांना मात्र सांगितलं. ते चार दिवस पारावर त्यावरच बोलत होते.

या वर्षी ऑगस्टमध्येच फोन आला. सदाशिवला पूर्वेच्या बांधावर दुसरं मचाण लावायचंय, दोन माणसं बसतील असं, आणखी जड.

"तुझे वडील शनिवारी मोकळे आहेत का?" त्यानं विचारलं. "काही नाही, असंच. काम मी एकटाच करणार आहे."