बिनतारी, पण शेपटीसकट

जुन्या फोनची पिन ढिली झाली की घरात त्याचं एक आसनशास्त्र तयार होतं. फोन पालथा, वायर डावीकडून वळवून उशीखाली, उशीवर जाडजूड शब्दकोश. बॅटरीच्या चित्रात वीज चमकली की सगळ्यांनी पावलं न वाजवता खोलीबाहेर पडायचं. कुणी धसमुसळेपणाने पंख्याचं बटण दाबलं तरी चार्जिंग तुटतं. अशा घरातल्या काकांना एके दिवशी कळतं की काही शे रुपयांची एक पातळ पट्टी फोनच्या पाठीवर चिकटवली की जुना फोनही वायरलेस चार्ज होतो. इथून पुढे काकांना ‘इच्छुक’ म्हणावं.

इच्छुकाने प्रथम तत्त्व समजून घ्यावं, कारण घरच्यांना ते समजावून सांगावं लागणार आहे. 1831 साली मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातला प्रवाह सुरू किंवा बंद केला की दुसऱ्यात क्षणभर वीज येते, हे दाखवलं. चार्जिंग पॅडमध्ये एक वेटोळं, पट्टीत दुसरं. पहिल्यातला प्रवाह सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होत राहतो, एवढाच फरक. घरात इंडक्शन शेगडी असेल तर समजावणं सोपं जातं. तिथे पातेलं तापावं म्हणून वेटोळं असतं. इथे काहीही तापू नये अशी अपेक्षा असते, आणि तरी तापतं.

या पद्धतीच्या जागतिक मानकाचं नाव ‘ची’. चिनी भाषेतल्या प्राणशक्तीवरून ते आलं आहे. मराठी माणसाला मात्र तो षष्ठीचा प्रत्यय वाटतो आणि पुढचा शब्द कुठे गेला, असं तो दुकानदाराला विचारतो. मानकाची पहिली आवृत्ती 2010 मध्ये आली, पाच वॅटपर्यंतची. बाजारातल्या बहुतेक पट्ट्या अजून त्याच घरातल्या आहेत.

आता पत्रिका जुळवणं. पट्टीच्या एका टोकाला रिबनसारखी शेपटी आणि शेपटीच्या टोकाला पिन असते. फोन सी टाइपचा असेल तर प्रश्न नाही, ती पिन सुलटी-उलटी कशीही नांदते. फोन जुन्या बारीक पिनेचा असेल, तर त्या पिनेची एक बाजू रुंद आणि दुसरी निमुळती असते, आणि कुठल्या फोनची रुंद बाजू वर असेल याचा नेम नाही. म्हणून पट्ट्याही दोन प्रकारच्या मिळतात. चुकीची आणली तर पट्टी एकतर पडद्यावर येते, किंवा पाठीवर आलीच तर तोंड आत करून रुसल्यासारखी बसते. शंभरातले शंभर इच्छुक आधी चुकीची आणतात, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण दुकानदार पाकीट फोडायच्या आधी ‘बघून घ्या हं’ म्हणतो, ते उगाच नव्हे.

पट्टी चिकटवली, तिच्यावर रबराचं कव्हर चढवलं की फोनची पाठ जरा पोक काढल्यासारखी दिसते. तिकडे दुर्लक्ष करावं. कव्हर धातूचं नसावं. गाडीत फोन लोहचुंबकाला चिकटवण्यासाठी लावलेली चकती काढून टाकावी, नाहीतर आधी तीच तापते. कव्हरच्या खणात एटीएम कार्ड ठेवायची सवय असेल तर तीही सोडावी.

मग येते केंद्रसाधना. दोन्ही वेटोळी एकमेकांवर नेमकी यायला हवीत. काही मिलिमीटर सरकली तरी वीज आटते. इच्छुक रात्री अकरा वाजता फोन पॅडवर ठेवतो, उचलतो, नखभर खाली सरकवतो. पॅडचा दिवा हिरवा होतो. तो श्वास रोखून मागे सरतो. पहाटे कुणाचा तरी मेसेज येतो, फोन थरथरतो, थरथरत दोन बोटं सरकतो, आणि सकाळी सहाला बॅटरी चौदा टक्के असते. शब्दकोश उशीवर होता तेव्हा निदान थरथरायची सोय नव्हती.

वेळेचा हिशेब एकदाच मांडावा आणि विसरावा. चार हजार एमएएचच्या बॅटरीत साधारण पंधरा वॅट-तास वीज मावते. पाच वॅटने ती भरायला कागदावर तीन तास लागतात, प्रत्यक्षात चार किंवा जास्त, कारण वाटेत बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. साधा दहा वॅटचा चार्जर हे काम निम्म्या वेळात करतो. मे महिन्यात चंद्रपूरच्या इच्छुकाने तर हा हिशेब मांडूच नये. फोन तापला की चार्जिंग आपोआप मंदावतं.

धीर खचला तर थोरांची उदाहरणं आठवावीत. 2009 च्या पाम प्रीला बिनतारी चार्जिंगसाठी वेगळं पाठचं झाकण घ्यावं लागे. 2014 चा सॅमसंग गॅलक्सी एस 5 देखील त्याच पंथातला. नोकिया लुमिया 920 ने 2012 मध्येच ही सोय पोटात घेतली होती, आयफोनला 2017 उजाडलं. त्याच वर्षी ॲपलने तीन उपकरणं कुठेही ठेवली तरी चार्ज करणारा एअरपॉवर नावाचा पॅड जाहीर केला आणि 2019 मध्ये, एकही न विकता, तो रद्द केला. निकोला टेस्लाने तर बिनतारी वीज पाठवण्यासाठी लाँग आयलंडवर मनोरा उभारला होता. पैसे आटले आणि 1917 मध्ये तो पाडला गेला. त्यापुढे इच्छुकाची पट्टी स्वस्तातच पडली.

तिसऱ्या महिन्यात शेपटी मुडपते. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे म्हणून ती रोज उपसायची आणि पुन्हा खुपसायची, तर दुसरं काय होणार? इच्छुक फोन घेऊन कोपऱ्यावरच्या रिपेरिंगवाल्याकडे जातो. पोरगा पिनेत टॉर्च मारतो, चिमटा घालतो आणि राखाडी कापसाची एक घट्ट गोळी बाहेर काढतो: तीन वर्षांचा खिशातला भुसा.

‘‘काका, पिन लूज नव्हतीच. कचरा भरला होता.’’

जुना चार्जर टक् करून बसतो. पोरगा पैसे घेत नाही.

पॅड अजून टेबलावर आहे. त्याची वायर भिंतीपर्यंत जाते आणि केर काढताना काकूंचा पाय रोज तिच्यात अडकतो.