चैत्रातील स्वारी

इसवी सन १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस, शनिवारी दुपारी, तीन इंजिने, चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे असा सरंजाम घेऊन, एकवीस तोफांची सलामी स्वीकारीत जी आगगाडी बोरीबंदराहून एकवीस मैलांवरील ठाण्यास निघाली, तिच्यातील मंडळींना ठाण्यास सांगण्यासारखे काहीही काम नव्हते, ह्या गोष्टीकडे आपल्या विद्वानांचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. ही मंडळी ठाण्यास उतरली, तंबूंतून मांडलेल्या फराळाचा त्यांनी समाचार घेतला, प्रथेप्रमाणे भाषणे ऐकली आणि संध्याकाळी आल्या वाटेने परत फिरली. महिना चैत्राचा होता. तात्पर्य, आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी कचेरी गाठण्याकरिता सुटली नसून ती वसंतातील वनभोजनाकरिता सुटली होती. पुढे कारकुनी पेशाच्या लोकांनी तिचा कबजा घेतला, सोमवार ते शनिवार तिच्यावर आपली वहिवाट सिद्ध केली, आणि सहलीस निघणाऱ्या कुटुंबवत्सल माणसांच्या, म्हणजे मूळ हक्कदारांच्या, वाट्यास रविवार तेवढा शिल्लक ठेवला. त्यातही रुळांच्या डागडुजीचा मेगाब्लॉक नेमका रविवारीच येतो, ही गोष्ट अलाहिदा.

वसंतात घराबाहेर पडण्याची ही परंपरा ठाणे जिल्ह्यात रेल्वेहूनही जुनी आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट साहेब ऐन वैशाखवणव्यात एक डोंगर चढून वर गेले आणि त्यांनी माथेरानचा शोध लावला, असे ग्रंथांतरी नमूद आहे. त्या डोंगरावर ठाकर आणि धनगर पूर्वापार वावरत होते. आपला शोध लागला आहे, हे त्यांना कोणी कळविल्याचे दिसत नाही. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी भर उन्हाळ्यात डोंगरावर गेला असता त्यास शोध म्हणतात, आणि त्याच्याच कचेरीतील एखादा कारकून गेला असता त्यास बिनपरवाना गैरहजेरी म्हणतात, एवढा भेद सोडला तर त्या काळच्या आणि आजच्या सहलीत तत्त्वतः काही अंतर नाही.

अशा थोर परंपरेचे आम्ही डोंबिवलीकर वारस असल्यामुळे, मुलांच्या परीक्षा आटोपून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातील आंब्याची डाळ आणि पन्हे ह्यांचा शिलकी भाग संपविण्यास सर्व कुटुंब एकत्र बसले असता, येत्या रविवारी कोठे जावे हा विषय निघणे क्रमप्राप्त होते. मातोश्रींनी वज्रेश्वरीची दरखास्त मांडली. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी जिला नवस केला ती ही देवी, आणि १७३९ साली वसई फत्ते झाल्यावर त्या नवसाच्या फेडीदाखल उभे राहिलेले हे देवालय. शिवाय तानसा नदीच्या काठी अकलोलीस उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडे, आहेत आणि त्यांत स्नान केले असता सांधे मोकळे होतात, अशी त्यांची श्रद्धा. त्यावर तीर्थरूपांनी अशी हरकत घेतली की, चैत्र-वैशाखात गच्चीवरच्या टाकीतून आपल्या न्हाणीघरात येणारे पाणी अकलोलीच्या पाण्याहून तिळमात्र कमी उष्ण नसते, आणि त्यासाठी एस. टी. बदलावी लागत नाही. त्यांची स्वतःची सूचना अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाची होती, व ती त्यांनी शके ९८२ च्या शिलालेखासह मांडली.

भगिनीला घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकरवाडीतील फुलपाखरे पाहावयाची होती. तेथे फुलपाखरांना कोंडून ठेवलेले नसून त्यांना मानवणारी झाडे लावून ती आपखुशीने येतील अशी व्यवस्था केलेली आहे, आणि पाहुण्यांच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे, असे ती सौभाग्यवतीकडे पाहून म्हणाली. मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या. माझे मेहुणे, ज्यांनी नुकतीच एक दुर्बीण खरेदी केली होती, ते ठाण्याच्या खाडीतील फ्लेमिंगोंखेरीज अन्य विषयावर बोलावयास तयार नव्हते. कच्छाकडून येणारे हे गुलाबी पक्षी हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर उतरतात आणि पावसापूर्वी बहुधा निघून जातात. त्यांच्यासाठी सरकारने २०१५ साली तेथे अभयारण्य जाहीर केले, आणि २०२२ साली त्या खाडीची रामसर यादीत नोंद होऊन तिला आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली. परंतु पक्षी पाहण्यासाठी ऐरोलीहून नावेने जावे लागते, नाव भरती-ओहोटीच्या तंत्राने चालते, आणि त्या रविवारची भरती आमच्या घरातील चहा, दुसरा चहा आणि तीर्थरूपांची पूजा ह्यांच्याशी कोणत्याही प्रकारे जुळेना. समुद्र वेळ बदलीना आणि तीर्थरूपही बदलीनात. फ्लेमिंगो मुलतवी झाले.

“अहो, कुठं जायचं ते जा, पण डबा मी करणार नाही,” असे सौभाग्यवतींनी निक्षून सांगितले, आणि शनिवारी रात्री अकरा वाजेपर्यंत ओट्यापाशी उभे राहून त्यांनी तो केला.

अखेर जो तह झाला त्यातील कलमे अशी: सकाळी अंबरनाथ, हे तीर्थरूपांचे, दुपारी भोजन, हे सर्वांचे, सायंकाळी ठाण्याची तलावपाळी आणि तेथे नौकानयन, हे मुलांचे, मातोश्रींस जे देऊळ मिळेल ते वज्रेश्वरीच्या बदली पावते करून घ्यावे, आणि मेहुण्यांस पक्षी न दिसल्याची भरपाई म्हणून दुर्बीण सबंध दिवस गळ्यात वागविण्याची मुभा असावी. ह्या तहानंतर सामानाची बांधाबांध झाली. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी, कैऱ्या, त्या कापण्यास सुरी, त्यांस लावण्यास मीठ, पन्ह्याच्या बाटल्या, सतरंजी, दोन छत्र्या, पत्त्यांचा जोड आणि तीर्थरूपांची हवेची उशी ह्या जिनसा पाहून शेजारच्या काकूंनी, “घर बदलताय की काय?” अशी सहृदय चौकशी केली.

फलाटावर पोहोचताच ध्वनिक्षेपकावरील बाईंनी तीन भाषांतून मेगाब्लॉकची वर्दी दिली. त्या घोषणेचा अर्थ कोणासही लागला नाही, तरी दिलगिरी व्यक्त झाल्याचे स्पष्ट ऐकू आल्यामुळे फलाटावरील समुदायाचे बव्हंशी समाधान झाले. यथावकाश कर्जतकडे जाणारी गाडी आली, आणि तिच्यात आश्चर्य म्हणजे बाके रिकामी होती. वास्तविक हा आनंदाचा क्षण. परंतु वर्षानुवर्षे दाराच्या दांडीला लोंबकळून प्रवास करण्याचा संस्कार झालेल्या डोंबिवलीकरास रिकामी जागा पाहून हर्षापेक्षा संशयच अधिक वाटतो. ही गाडी यार्डात तर जात नाही ना, अशी चौघांपाशी खात्री करून घेतल्यावर आम्ही बसलो. मेहुणे मात्र, तीन माणसांचे अख्खे बाक मोकळे असताना, खिडकीत बसलेल्या मुलाला, “जरा सरक रे,” असे म्हणून त्याच्या कडेला चौथ्या सीटवर अर्धवट टेकले आणि अंबरनाथपर्यंत तसेच राहिले.

कल्याण सुटल्यावर उजव्या अंगास मलंगगडाचा तो विलक्षण सुळका आकाशात उठलेला दिसतो, आणि त्या ऋतूत रुळांच्या कडेच्या एखाद्या बहाव्याला पिवळ्या घोसांचे झुंबर लागलेले असते. हे दृश्य आमच्यापैकी कोणी पाहिले असेल असे मी खात्रीपूर्वक सांगू शकत नाही, कारण विठ्ठलवाडी येण्यापूर्वीच पुऱ्यांचा डबा उघडला गेला होता.

अंबरनाथचे देऊळ मात्र खाण्यापिण्यात गुंतलेल्या माणसालाही क्षणभर स्तब्ध करील असे आहे. वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणात शिलाहार राजांनी उभारलेली ही वास्तू. तिच्यावरील लेखात राजा मांवाणीचे नाव आहे आणि त्याचा शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. भिंतीचा एकही हात मूर्तीवाचून मोकळा सोडलेला नाही, आणि सभामंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरल्यावर जे गर्भगृह लागते, तेथे चैत्राच्या दुपारीही असा गारवा असतो की ज्यांनी हे देऊळ बांधले त्यांना ठाणे जिल्ह्याच्या हवामानाचे ज्ञान आमच्या इमारतीच्या बिल्डरापेक्षा निःसंशय अधिक होते. तीर्थरूपांनी भूमिज शैलीवर व्याख्यान आरंभिले. श्रोतृवर्ग त्या पायऱ्यांवर अत्यंत तन्मयतेने बसून राहिला, आणि ही तन्मयता शिल्पाबद्दलची नसून गारव्याबद्दलची आहे, हे व्याख्यात्यास अखेरपर्यंत कळले नाही. मातोश्रींनी बेल विकणारीशी दोन रुपयांचा तंटा करून तो जिंकला, आणि पुण्य व काटकसर ही दोन्ही एकाच व्यवहारात साधल्यामुळे वज्रेश्वरीचा विषय पुन्हा काढला नाही.

ह्यानंतर वृक्षाची निवड. वनभोजनास वृक्ष लागतो, परंतु आमच्या कुटुंबास मान्य होईल असा वृक्ष परमेश्वराने अद्याप निर्माण केलेला नाही. पहिल्याखाली मुंग्या होत्या. दुसऱ्याची सावली विरळ होती. तिसऱ्यावर कावळे बसले होते, आणि त्यांचा हेतू शुद्ध नव्हता. चौथा सर्वांस पसंत पडला, तोच तीर्थरूपांनी मनगटावरील घड्याळ व सूर्य ह्यांचा मेळ घालून, अर्ध्या तासात ही सावली रस्त्यापलीकडे जाईल असे भविष्य वर्तविले. शेवटी एक कुटुंब जेवण आटोपून उठत होते त्यांच्या झाडाखाली, केवळ ते दुसऱ्या कोणी निवडलेले होते एवढ्याच प्रशस्तिपत्रावर, आम्ही सतरंजी अंथरली. जेवताना कोणी बोलले नाही. वर कोकिळाने पंचम लावला, तेव्हा मातोश्री एवढेच म्हणाल्या, “हा मेला आपल्या गल्लीतसुद्धा पहाटे चारला असाच ओरडतो.”

परतीच्या प्रवासात ह्या स्वारीचा खरा कसोटीचा प्रसंग आला. अंबरनाथहून ठाण्यास जाणारी गाडी डोंबिवलीवरून जाते, ही भूगोलातील साधी गोष्ट तह लिहिताना कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ठाकुर्ली मागे पडताच मातोश्रींच्या मुद्रेवर घराची ओढ दिसू लागली, तीर्थरूपांनी हवेच्या उशीतील हवा सोडली, आणि सौभाग्यवतींनी गॅस बंद केल्याविषयी प्रथमच शंका व्यक्त केली. तरीही आम्ही ठाण्यास गेलो असतो. परंतु डोंबिवलीस उतरणे हे माणसाच्या इच्छेवर अवलंबून नसते. दाराशी उठलेल्या समुदायाने आम्हांस सतरंजीसह उचलले आणि फलाटावर ठेवले. मग घरी जाऊन चहा घेणे ओघानेच आले. आणि चहानंतर पाठ टेकणे आले असते, परंतु मुलांनी उंबरठ्यावर धरणे धरून तहातील तिसऱ्या कलमाची अंमलबजावणी मागितली. कलम स्पष्ट होते. स्वारी पुन्हा निघाली.

मुंब्र्याच्या पुढे एका बाजूस पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खाडी अशा चिंचोळ्या पट्टीतून गाडी चालली असता तीर्थरूपांनी १९१६ सालच्या पारसिक बोगद्याची कथा सांगितली, आणि खाडीवरील पूल आल्यावर, आगगाडीने ठाण्याहून पुढे कल्याण गाठले तेही १ मे १८५४ रोजी, म्हणजे वैशाखात, ही माहिती दिली. वसंत आला की रेल्वेसही पुढे जावेसे वाटे, असे त्यांचे मत पडले.

ठाण्याची तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, रविवारी संध्याकाळी इतका फुललेला असतो की तलाव दिसण्यासाठी आधी माणसे थोडी बाजूस सारावी लागतात. काठावरील कौपिनेश्वराचे दर्शन घेताना, हे देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर ह्यांनी बांधविले, असे तीर्थरूप सांगू लागले. पण मातोश्रींच्या नजरेस समोरचा भेळवाला पडल्यामुळे इतिहास तेथेच तहकूब झाला. मुलांनी नावेचे कलम वसूल केले. मेहुण्यांनी दुर्बीण लावून पाण्यातील एका खांबावर बसलेला पक्षी हेरला, आणि फ्लेमिंगोंची पिले करड्या रंगाची असतात ह्या निर्विवाद शास्त्रीय सत्याच्या आधारे तो फ्लेमिंगोच असल्याचे जाहीर केले. तो पाणकावळा होता. त्याने पंख पसरून वाळवावयास घेतले तरी मेहुण्यांनी आपला दावा मागे घेतला नाही.

रात्री घरी आल्यावर कैफियती झाल्या. सौभाग्यवतींनी अंबरनाथच्या पायऱ्यांस, मुलांनी नावेस, मेहुण्यांनी पाणकावळ्यास आणि मातोश्रींनी गाडीत बसावयास मिळालेल्या जागेस पसंती दिली. मात्र अवघ्या दिवसातील उत्तम घटका ती दुपारच्या चहाचीच, ह्या बाबतीत ज्येष्ठ मंडळींत लेशमात्र मतभेद झाला नाही. हा अनुभव ध्यानी घेऊन माझा निवाडा असा की, सहलीची आखणी करताना दोन स्थळांच्या मध्ये आपले घर पडेल अशीच करावी. ज्यांचे घर तसे पडत नसेल त्यांनी डोंबिवलीत एखादा नातलग जोडून ठेवावा. आणि ज्यांना निघावयाचे असेल त्यांनी मृग लागण्यापूर्वी निघावे, कारण त्यानंतर फ्लेमिंगो बहुधा भेटत नाहीत, करवंदे संपतात आणि सावली देणारे झाड शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. रविवारचे वेळापत्रक शनिवारी पाहून ठेवावे. डबा करणार नाही असे घरात कोणी म्हटल्यास त्यावर चर्चा करू नये; मुकाट्याने पुऱ्या लाटावयास बसावे.