तिसरा हात कुणाचा?

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. स्व. आईंना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

परवा तुम्ही फोनवर जे विचारलंत त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, कारण तुमचे चिरंजीव समोरच बसून कॅमेऱ्याच्या भिंगावर फुंकर मारत होते. व्हॉट्सॲपवर लिहावं तर घरच्या ग्रुपचे ॲडमिन तेच. म्हणून हे कागदावरचं पत्र. ओळखीतल्या एक आजी शनिवारी पुण्याला निघाल्या आहेत, त्यांच्या सामानात देते आहे, तिथून कुरिअरने मेहकरला येईल. बाबांना वाचून दाखवा, ताईंना चिखलीला फोनवर वाचून दाखवा, पण कृपा करून याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

आधी ग्रुपवरच्या फोटोतल्या गुलाबी पाण्याचं. शेजारच्या काकू म्हणाल्या ना, की रंग कॉम्प्युटरवर भरलाय, पाणी कुठे एवढं गुलाबी असतं? मेहकरात राहणाऱ्या माणसाने असं म्हणू नये. २०२० च्या जूनमध्ये आपलं लोणार गुलाबी झालं तेव्हा याच काकू कलियुग संपत आलं म्हणून सांगत फिरत होत्या. मग पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं आणि अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग आहे असं निघालं. इथेही तोच कारभार. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या दक्षिण टोकाला दीडशेहून अधिक वर्षं जुनी मिठागरं आहेत. पाणी जसजसं आटतं, खारटपणा चढतो, तसतसं त्यात राहणारं बिऱ्हाड बदलतं आणि पाणी हिरव्याचं नारिंगी, नारिंगीचं वीटकरी आणि शेवटी रोझ सरबताच्या रंगाचं होतं. देवाने केलेलं आहे, मिलिंदने नाही.

उलट ऐका. मिलिंदने त्या फोटोतला गुलाबी रंग कमी केलाय! लोकांना खरा वाटणार नाही म्हणून. खरा रंग खोटा दिसू नये म्हणून त्यात खोट मिसळली, आणि तरी काकूंनी पकडलाच.

दुसरी गोष्ट, तो फोटो ड्रोनचा नाही. त्या मिठागरांचा बराच भाग आता पक्ष्यांचं राष्ट्रीय अभयारण्य आहे, तिथून ड्रोन उडवायची मनाई. तो फोटो आपल्याकडून परत येताना विमानाच्या खिडकीतून माझ्या फोनवर निघालाय. बटण मी दाबलं. खिडकीची सीट माझी होती, चिरंजीव मधल्या सीटवर घोरत होते. ग्रुपवर खाली 'छायाचित्र : मिलिंद' असं आलंय त्याचं कारण त्यांनी त्याच्यावर 'काम' केलं. ते काम कोणतं ते वर सांगितलंच.

आता ड्रोनचं. मूळ दोष बाबांचा, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्धव ठाकरे यांचं 'महाराष्ट्र देशा' २०१० साली आलं, हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या किल्ल्यांचं, ते बाबांनी हौसेने घेतलं आणि तेव्हापासून या मुलाला जमिनीवरून काही बघवेनासं झालं. हेलिकॉप्टर परवडणारं नव्हतं, हे आपलं नशीब. ड्रोन आलं ते पेढ्याच्या डब्याएवढं, २४९ ग्रॅमचं. २४९ का, तर इथल्या कायद्यात २५० ग्रॅम झाले की सरकारदरबारी नोंदणी करावी लागते आणि हौशी माणसाला एका ग्रॅमवरून सुटता येतं. चकलीची भाजणी मोजायला म्हणून मी जो वजनकाटा घेतला होता, तो आता हँगरमध्ये असतो. हँगर म्हणजे आपलं चपलांचं कपाट.

पुढचं तुमच्याकडून झालं, पण तुम्हाला दोष नाही. नवं वाहन म्हटल्यावर पूजा करा म्हणालात आणि शारंगधर बालाजीचं स्टिकर पाठवलंत. गेल्या वर्षी दसऱ्याला मी गाडी, शिलाई मशीन, दोन लॅपटॉप आणि ड्रोन अशी ओळीने पूजा मांडली. हळद-कुंकवाला मिलिंद काही बोलला नाही, पण स्टिकर लावल्यावर त्याने सवयीने ड्रोन काट्यावर ठेवलं. बरोबर २५०. काढून टाक म्हणायची माझी छाती नाही आणि त्याचीही झाली नाही. पाच डॉलर भरून नोंदणी केली, तीन वर्षांची. बाबांना सांगा, बालाजी अमेरिकेत विमान खात्याच्या दप्तरी लागले.

परीक्षाही द्यावी लागते बरं का. ऑनलाइन, फुकट, आणि चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर काय ते समजावून सांगून पुन्हा विचारतात, बरोबर येईपर्यंत. अशी दहावी असती तर आमच्या घराण्यात बोर्डात आलेल्यांची रांग लागली असती. प्रमाणपत्र फ्रिजवर लावलंय, ओमच्या पोहण्याच्या बिल्ल्याच्या वर.

एवढं करून उडवायचं कुठे? आमच्या एका अंगाला मोफेट फील्डची धावपट्टी, दुसऱ्या अंगाला सॅन होजेचा विमानतळ. स्वतःच्या परसातल्या लिंबाच्या वर जायचं तरी आधी फोनवरच्या ॲपमधून परवानगी घ्यायची. योसेमिटीला नेलं, तर राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनबंदी. पाच तास गाडीच्या मागच्या सीटवर बसून ते गेलं आणि तसंच परत आलं. मुलांनी त्याला सीटबेल्ट लावला होता.

सर्वपित्रीला मात्र उडालं. इथे पितरांना कावळ्यांची वाट बघावी लागत नाही, गावात इतके कावळे आहेत की २०२२ मध्ये नगरपालिकेने ते पळवायला हिरवा लेसर काढला होता. मी कुंपणाच्या भिंतीवर पान ठेवलं, खीर, वडे, भरड्याची भाजी, सगळं तुमच्या पद्धतीचं. चिरंजीवांना सुचलं की पानाला शिवणारा कावळा वरून टिपावा. परवानगी घेतली, ड्रोन घरघरत वर गेलं. कावळे आले, एक नाही, पंचायत आली. पानाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, सगळे ड्रोनच्या मागे. ओम आणि सई टाळ्या पिटताहेत, मी खिरीवर ताट झाकतेय आणि मिलिंद कंट्रोलर छातीशी धरून 'घरी ये, घरी ये' असं त्या यंत्राला सांगतोय. बॅटरी संपत आली की किंवा बटण दाबलं की ते निघाल्या जागी आपोआप परत येतं. पण निघाल्या जागी तोवर मी ताट ठेवलं होतं.

तुम्हीच सांगितलं होतंत, की आजेसासऱ्यांना फोटोची चीड, फोटो काढला की आयुष्य घटतं म्हणायचे. माझ्या मते ते स्वतः आले होते. ड्रोन उतरल्यावर एका कावळ्याने शांतपणे वडा नेला. खिरीतले पंखे अजून वेलदोड्याचा वास देतात.

आता तुमचा खरा प्रश्न. योसेमिटीच्या फोटोत ओमच्या खांद्यावर तो हात कुणाचा?

माझा आहे. बाजूला मी उभी आहे, दोन्ही हातांनी पर्स धरून, तीही मीच. बाबा अष्टभुजा म्हणाले ते कळलं मला. झालं असं की टनेल व्ह्यू म्हणून जागा आहे, डावीकडे एल कॅपिटनचा कडा, उजवीकडे धबधबा, लांब मधोमध हाफ डोम. तिथे पहाटे कुडकुडत आम्हाला उभं केलं, तिपाई लावली, टायमर लावला आणि पळत येऊन तुमचा मुलगा दर वेळी माझ्या पायावर उभा राहिला. एका फोटोत सई जांभई देतेय, एकात ओमचे डोळे मिटलेले, एकात मी काहीतरी बोलतेय आणि ते काय बोलतेय हे ओठांवरून स्पष्ट कळतं. मग घरी आल्यावर शस्त्रक्रिया. सईचं डोकं एका फोटोतून, ओमचे डोळे दुसऱ्यातून, मी तिसऱ्यातून. मागची पर्यटकांची बस पुसली, एका गृहस्थाची लाल टोपी पुसली, गृहस्थही गेले. फक्त आधीच्या फोटोतला माझा हात ओमच्या खांद्यावर राहून गेला. रात्री दीड वाजेपर्यंत दोनशे टक्के मोठं करून ओमच्या कानाची पाळी बघत बसलेल्या माणसाला हात दिसत नाही, हे लक्षात घ्या.

म्हणजे काकूंना ज्या फोटोची शंका आली तो अस्सल, आणि ज्याला त्यांनी 'किती छान आलेत सगळे, एकदम नॅचरल' म्हणून बदाम पाठवले तो जोडकाम. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी याबद्दल काही बोलले की चिरंजीव ॲन्सेल ॲडम्सचं नाव काढतात. हे इथले थोर फोटोग्राफर, सॅन फ्रान्सिस्कोचेच, आयुष्य योसेमिटीत घालवलेले. आमच्या घरात त्यांचं नाव कुलदैवतापेक्षा जास्त वेळा घेतलं जातं. १९२७ साली ते काचेच्या प्लेटा पाठीवर वाहत हाफ डोमसमोरच्या कड्यावर चढले. पिवळा फिल्टर लावून एक फोटो काढला, मग वाटलं, आकाश आपल्याला जसं जाणवतंय तसं यात येणार नाही. शेवटची प्लेट उरली होती. तिला गडद लाल फिल्टर लावला आणि निळं आकाश जवळजवळ काळं झालं. तोच फोटो अजरामर झाला. पुढे डार्करूममध्येही ते कागदावर इथे उजेड जास्त, तिथे कमी असे तासन्‌तास खेळत. मुळात पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह म्हणजे नुसती स्वरलिपी, खरं गाणं छापताना होतं, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटतं, आई. खरंच पटतं. लाइटरूम नावाच्या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये मिलिंद सावल्या थोड्या उचलतो, आकाशातला पांढरा भगभगाट खाली आणतो, तेव्हा फोटो डोळ्यांनी पाहिल्यासारखा दिसायला लागतो, कारण कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांइतका उजेड-अंधार एका वेळी झेपत नाही. त्याला मी खोटं म्हणणार नाही. पण ॲडम्ससाहेबांनी हाफ डोमला तिसरा हात लावला नव्हता, एवढंच माझं म्हणणं. हे बोलल्यावर तो दोन दिवस 'डावा बरा की उजवा?' विचारायला आला नाही. एरवी रोज जेवणाच्या टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवतो, तंतोतंत सारखे. मी एकदा डावा म्हणते, एकदा उजवा. त्याचं समाधान होतं, वरण गार होतं.

राहता राहिलं ताईंच्या मुलीचं लग्न. त्यांना स्पष्ट सांगा, ड्रोन येणार नाही. भारत सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोन आणायला बंदी घातली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांना परवानगीने सूट आहे. नवरीच्या मामाला नाही. सुटे भाग चालतात असं त्याने कुठेतरी वाचलं आणि पंखे ओमच्या बॅगेत, कॅमेरा सईच्या कंपासपेटीत अशी विभागणी करून पाहिली. मी सांगितलं, मुंबईला कस्टमच्या टेबलावर तुझं लाइटरूम चालणार नाही. आता गप्प आहे. लोणारचं विवर वरून टिपायचं राहिलं म्हणून हळहळतोय, पण तेही अभयारण्य, तिथे कुणी असं सहज उडवू देणार आहे का? आणि चिखलीत ड्रोनची ददात कुठे? आपल्याकडे हल्ली ब्राह्मण नसला तर गुरुजींचं रेकॉर्डिंग लावतील, पण ड्रोनवाल्या पोराशिवाय वरात हलत नाही.

त्या पोराला मात्र आधी सावध करून ठेवा. मामा अमेरिकेहून येतील, 'अरे, सूर्य मावळायच्या आधीचा एक तास धर' म्हणतील, त्याच्या हातातलं यंत्र मागतील. देऊ नको म्हणावं. मुहूर्त गोरज असला तर मग काही खरं नाही, नवऱ्या मुलाला सोनेरी उजेडात तासभर घोड्यावरच बसवून ठेवतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' असं गुरुजी म्हणतील तेव्हा तिचा हात धरून सरळ पुढे चालायचं, हे त्याला तुम्ही स्वतः सांगा, माझं ऐकत नाही. परवा मी त्याला हॉलमध्ये सराव करताना पकडलं: सईला नवरी केलं होतं, डोक्यावर माझी ओढणी, आणि हे तिच्या पुढे कॅमेरा डोळ्याला लावून उलटे चालत होते. सोफ्याला अडखळून पडले. लग्नात मागे होमकुंड असेल. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याच्या दोन्ही मुठी अक्षतांनी भरून ठेवा, आणि त्या रिकाम्या झाल्या की लगेच पुन्हा भरायला बाबांना शेजारी उभं करा.

बाबांना नमस्कार. बी.पी.ची गोळी सकाळची सकाळीच घ्यायला सांगा. मुलं मजेत आहेत.

आपली सून,
वृषाली

ता. क. : तुम्ही भिंतीवर लावायला मागितलेला योसेमिटीचा फोटो मोठा करून याच पाकिटात घातलाय. हात तसाच ठेवायला सांगितला.