घोडे किती जुंपावेत?

सहा चाकांची जुनी उभयचर गाडी बंद पडली की मालकाच्या डोक्यात दोन विचार येतात. पहिला, इंजिन बदलायला हवं. दुसरा, बदलायचंच आहे तर जरा दणकट बसवू. पहिला विचार बहुतेक वेळा बरोबर असतो. दुसऱ्याचा बंदोबस्त करण्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच, की या गाडीतला प्रत्येक भाग इंजिन अशक्त असेल या भरवशावर बनवलेला आहे. हा भरवसा मोडला की भागही मोडतात, आणि आपण किनाऱ्यापासून किती लांब आलो आहोत याची चौकशी करून ते मोडत नाहीत.

ही जात मूळची उत्तर अमेरिकेची. 1961 साली कॅनडात जायगर आली, 1967 मध्ये आर्गो. अमेरिकेत ॲम्फिकॅट, ॲटेक्स, मॅक्स निघाल्या, आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या ॲलिस-चामर्सलाही मोह न आवरल्यानं त्यांनी टेरा टायगर काढली. कल्पना साधारण सगळ्यांची एकच: अंघोळीच्या टबासारखी बॉडी आणि तिला सहा फुगीर टायर. मोटारीच्या टायरात तीसेक पौंड हवा असते. यांचं काम दोन-तीन पौंडांत भागतं, त्यामुळे चिखलात ते रुतत नाहीत आणि पाण्यात तरंगायला मदत करतात. सस्पेन्शन नाही, कारण टायरच सस्पेन्शन. स्टिअरिंगचं चाक नाही, दोन लिव्हर आहेत. डावी ओढली की डाव्या बाजूची तिन्ही चाकं थबकतात आणि गाडी डावीकडे घसटत वळते. पंखा नाही, टायरच्या खाचाच वल्ह्यांचं काम करतात. अशा वाहनाला गंभीर भूमिका मिळणं कठीणच. 1968च्या ‘बनाना स्प्लिट्स’ या मुलांच्या टीव्ही-कार्यक्रमात प्राण्यांचे पोशाख चढवलेली मंडळी सजवलेल्या ॲम्फिकॅट चालवत, आणि 1975 साली आलेल्या ‘स्पेस: 1999’ या ब्रिटिश मालिकेत तीच गाडी चंद्रावर फिरली. चंद्र ठणठणीत कोरडा आहे अशी समजूत असताना तिथं पाण्यात चालणारं वाहन पाठवण्यामागची दूरदृष्टी जगाला कळायला 2009 साल उजाडलं, जेव्हा चांद्रयान-1च्या उपकरणांनी तिथं पाण्याच्या खुणा दाखवल्या.

दिसायला विनोदी असली तरी गाडीचा हिशेब चोख होता. दहा ते वीस-पंचवीस अश्वशक्ती, आणि बाकी सगळं त्याच मापाचं. बहुतेक इंजिनं टू-स्ट्रोक होती आणि त्यांतली बरीच जर्मनीतल्या पिनेबर्गच्या जेएलओ कारखान्याची. इथं शुद्धतावादी उभे राहून म्हणतात, मग तेच इंजिन दुरुस्त करा, बदलता कशाला? भावना थोर आहे, पण ऑइल सीलला भावना कळत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येतात आणि तिथल्या दाबानं वर ढकलल्या जातात, म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं हवाबंद असावी लागतात. पन्नास वर्षं छपराखाली पडून राहिलेल्या गाडीची सीलं कडक झालेली असतात. त्यांतून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर पेट्रोलात मिसळलेलं ऑइलही कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला मिठी मारतो. सीलं बदलता येतात. पण पिस्टन-सिलिंडरची मिठी सुटल्यावर जे हाती लागतं त्याला सुटे भाग मिळणं दुर्मिळ, आणि मिळाले तर त्या किमतीत नवं इंजिन येतं. तेव्हा इंजिन बदलण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्या निमित्तानं होणाऱ्या सत्तापालटाला.

कारण ही गाडी म्हणजे आघाडी सरकार आहे. जमीन आणि पाणी या दोन पक्षांनी आपापला जाहीरनामा गुंडाळून ठेवला म्हणून ते चाललेलं आहे. त्यात होंडाच्या जीएक्स मालिकेतलं, तिच्या चिनी नकलांपैकी एखादं किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं दोन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आणायचं म्हणजे सर्वांशी नव्यानं बोलणी करावी लागतात. जुना टू-स्ट्रोक पाच-सहा हजार फेऱ्यांवर रंगात यायचा. या नव्या इंजिनांचा गव्हर्नर 3600च्या आसपास हात आखडतो. बेल्टच्या क्लचमधल्या स्प्रिंगा जुन्या फेऱ्यांच्या हिशेबानं बसवलेल्या, त्यामुळे इंजिन बोंबलत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणजे क्लच आला. शाफ्टची जाडी वेगळी, म्हणजे पुली आली. उंची वेगळी, म्हणजे माउंटिंग आलं. सायलेन्सर भलत्याच बाजूला, आणि तो प्लॅस्टिकच्या टबाला टेकला तर टब वितळणार, म्हणजे नवा पाइप आला, तोही पाण्याच्या पातळीच्या वर काढलेला. शिवाय इंजिन कोणत्या दिशेनं फिरतं हे आधी पाहिलं नाही तर गाडी पुढच्या गिअरमध्ये मागे जाते. थोडक्यात, इंजिन बदलणं म्हणजे इंजिन सोडून उरलेलं सगळं बदलणं. मूळच्या तोलाचं इंजिन घेतलं तर ही बोलणी निदान आटोक्यात राहतात. दुप्पट ताकदीचं घेतलं तर प्रत्येक खात्याचा मंत्री राजीनामा खिशात घेऊन बसतो.

दणकट इंजिनाचे पुरस्कर्ते म्हणतात, पण पाण्यात वेग वाढेल ना? नाही वाढणार. या गाड्या पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरनं जातात, म्हणजे काठावरून फिरायला निघालेले आजोबा त्यांच्या बरोबरीनं चालू शकतात. टायरची खाच हे फारच सुमार वल्हं आहे. चाक दुप्पट फिरवलं तर ते पाणी मागे सारण्याऐवजी घुसळून वर उडवतं, चालक भिजतो आणि आजोबा पुढे निघून जातात. आर्गो आणि मॅक्सच्या निर्मात्यांनाही हे ठाऊक होतं. पाण्यात घाई असणाऱ्यांसाठी त्यांनी मागे आउटबोर्ड मोटर अडकवायची सोय विकायला ठेवली, मोठं इंजिन घ्या असं सांगितलं नाही. मोठ्या इंजिनाचं वजन मात्र पाण्यात ताबडतोब जाणवतं. टबाची कड पाण्याच्या तेवढी जवळ येते, आणि ते वजन मागे किंवा एका बाजूला पडलं असेल तर गाडी तिकडे कलून बसते. वेगाच्या आशेनं विकत घेतलेले जादा घोडे पाण्यात फक्त ओझ्याचं काम करतात.

मग चढाचं काय, हा खरा तगडा आक्षेप. दोन धष्टपुष्ट माणसं, मागे सामान आणि समोर टेकाड असेल तर ताकद नको का? हवी, पण ती चाकापाशी हवी. पुढचं स्प्रॉकेट लहान केलं तर त्याच इंजिनाचा जोर चाकापाशी वाढतो आणि वेग घटतो. टेकाडावर वेगाची तशीही कुणाला गरज नसते. इंजिनाची ताकद वाढवली तर तो जोर आधी चेन, ॲक्सल आणि गिअरबॉक्समधून जातो. मॅक्ससह अनेक गाड्यांत बोर्ग-वॉर्नरचा टी-20 गिअरबॉक्स आहे. हा क्रिकेटमधल्या टी-20पेक्षा वयानं बराच थोरला आणि वृत्तीनं कसोटीवाला; बेताच्या गतीनं दिवसभर खेळेल, पण प्रत्येक चेंडूवर षटकार मागितला तर त्याचे ब्रेकबँड जळतात. शिवाय चढावरच छोट्या फोर-स्ट्रोकचा एक स्वभावदोष उघडा पडतो. त्याचं ऑइल तळाशी असतं आणि बऱ्याच इंजिनांत आतला दांडा ते उडवून सगळीकडे पोचवतो. गाडी फार तिरकी झाली की ऑइल एका कोपऱ्यात जमतं आणि दांडा हवेत हात मारत राहतो. पंपावर पेट्रोलात ऑइल मिसळून स्कूटर चालवलेल्या पिढीला टू-स्ट्रोकचा मोठेपणा इथं आठवेल: धूर सोडील, पण तिरकं झालं म्हणून ऑइलवाचून अडणार नाही. म्हणजे जादा ताकदीच्या जोरावर ज्या उभ्या चढावर जायचं, तिथंच नवं इंजिन ऑइलसाठी तरसणार.

शेवटचा आक्षेप मनाचा आहे: वेग नाही तर मजा काय? सस्पेन्शन नसलेल्या, एका बाजूचे ब्रेक दाबून वळणाऱ्या गाडीत वेगाची मजा पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. दुसऱ्या खड्ड्याच्या वेळी चालक गाडीत असेलच असं नाही. तेव्हा ज्यांना इंजिन बदलायचंच आहे त्यांनी मनात ठरवलेली अश्वशक्ती कागदावर लिहावी, तिला दोननं भागावं आणि वाचलेल्या पैशांत नव्या चेन, ॲक्सलची सीलं आणि टबातलं पाणी उपसणारा पंप घ्यावा. हा सल्ला ऐकून मित्रमंडळींत छाप पडणार नाही हे मान्य आहे. पण तळ्याच्या मध्यावर ॲक्सलच्या भोकातून पाणी आत यायला लागलं की तिथं घोडे किती आहेत हे कुणी विचारत नाही. पंप चालतो का, एवढंच विचारतात.