वाकड्यात शिरलेली विमानं

विमानांच्या शौकिनाला देखणं विमान दाखवलं तर तो मान डोलावतो. बेढब, तिरपागडं, घाईत जोडल्यासारखं लष्करी विमान दाखवलं तर मात्र तो खुर्ची पुढे ओढतो, चष्मा पुसतो आणि पुढचा अर्धा तास कुणाचं काही ऐकत नाही. स्पिटफायरचे पंख सुंदर आहेत हे त्याला कबूल असतं. पण जे सगळ्यांनाच कबूल आहे त्यावर बोलायचं काय? घरातल्यांना या प्रकाराची तीन कारणं सुचतात : याला अभिरुची नाही, याला दुसऱ्याच्या फजितीची मजा वाटते, किंवा याच्या अंगात एक छोटा हिटलर लपलेला आहे. तिन्ही निदानं चुकीची आहेत असं माझं मत आहे. या माणसाला रूपाशी फारसं देणंघेणंच नसतं. त्याला चटक लागलेली असते कारणांची. देखण्या विमानाची कारणं त्याच्या गुळगुळीत पत्र्याखाली बुजून जातात, आणि वाकड्या विमानाच्या अंगावर ती वळासारखी उठून दिसतात.

उदाहरण म्हणून बीव्ही १४१ घ्या. १९३७ च्या सुमारास जर्मन हवाई मंत्रालयाला टेहळणीसाठी तीन माणसांचं, एकाच इंजिनाचं आणि चहूकडे स्वच्छ दिसेल असं विमान हवं होतं. मागणी ऐकायला साधी आहे. पण एकच इंजिन म्हटलं की ते नाकावर येणार, आणि नाकावर आलं की नेमकं डोळ्यांसमोर येणार. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फोस या जहाजं बांधणाऱ्या कंपनीतले अभियंते रिशार्ड फोग्ट यांनी ही अडचण बाजूला सारली, आणि तीही अक्षरशः. इंजिन आणि शेपूट डावीकडच्या लांब नळकांड्यात; माणसं उजवीकडे, काचेच्या स्वतंत्र खोलीत. एका पंख्याचं विमान त्या पंख्याच्या फिरण्यामुळे तसंही एका अंगाला ओढ घेतं, मग माणसांचं वजन दुसऱ्या अंगाला ठेवलं तर बिघडलं कुठं, असा फोग्ट यांचा हिशेब होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये हे विमान उडालं आणि चक्क नीट उडालं. पुढच्या आवृत्तीत तर मागे बसणाऱ्या बंदूकधाऱ्याच्या नेमाआड येऊ नये म्हणून आडव्या शेपटाची उजवी बाजू जवळजवळ छाटून टाकली. एवढं करून पसंती मिळाली ती फॉके-वुल्फच्या एफडब्ल्यू १८९ या विमानाला, ज्याला दोन इंजिनं होती! ज्याने एका इंजिनाची अट पाळण्यासाठी अख्खं विमान वाकडं केलं तो घरी गेला, आणि ज्याने अट धाब्यावर बसवली त्याची आठशेहून जास्त विमानं बनली. सरकारी टेंडर भरलेल्या कुणालाही फोग्ट यांच्याबद्दल जवळच्या नातेवाइकासारखी माया वाटेल. (खरी अडचण इतकी चटकदार नव्हती. पहिल्या आवृत्तीला ताकद कमी पडली, आणि दुसरीला जे इंजिन हवं होतं त्यावर लढाऊ विमानांचाही डोळा होता. शौकीन हेही सांगतो, फक्त गोष्ट रंगल्यानंतर.)

यावर कुणी म्हणेल की हे सगळं पश्चातबुद्धीचं आहे; आधी माणूस विचित्र आकारावर भाळतो आणि मग स्वतःची लाज राखायला कारणं शोधतो. हा आक्षेप तपासून पाहण्याची संधी अमेरिकी हवाई दलाने आयतीच दिली आहे. रडारला चकवणारं एक गुप्त विमान अमेरिकेकडे आहे, अशी १९८० च्या दशकात कुजबुज होती. ते कसं असेल याची चित्रं शौकिनांनी मनोमन रंगवली होती, आणि १९८६ मध्ये टेस्टर्स या कंपनीने ‘एफ-१९’ नावाचं प्लॅस्टिकचं मॉडेलही बाजारात आणलं. गोलाईदार, गुळगुळीत, एकदम राजबिंडं. ते धडाधड खपलं आणि त्याची चर्चा अमेरिकी काँग्रेसमध्येही झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये सरकारने खऱ्या विमानाचा, एफ-११७ चा, एक धूसर फोटो दिला. त्यात गोलाई औषधालाही नव्हती. सगळे सपाट तुकडे आणि कोपरे, जणू पुठ्ठा कापताना फूटपट्टीशिवाय काही हाताशीच नव्हतं. निव्वळ रूपाचं वेड असतं तर लोकांनी हळहळून एफ-१९ चीच आरती ओवाळत बसायला हवं होतं. झालं उलटं. आज एफ-१९ हा चेष्टेचा विषय आहे आणि एफ-११७ चा एकेक कोपरा लोकांना पाठ आहे. रडारच्या लहरी पृष्ठभागावरून कशा परततात याचं गणित प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. त्यांच्याच देशात त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. एफ-११७ बनवणाऱ्या लॉकहीडच्या लोकांनी मात्र ते मन लावून वाचलं. पण १९७० च्या दशकातल्या संगणकांना हे गणित सपाट तुकड्यांपुरतंच झेपत होतं. म्हणून विमान सपाट तुकड्यांचं. पुढे संगणक सुधारले, आणि १९८९ मध्ये उडालेल्या बी-२ या रडारला चकवणाऱ्याच विमानाला पुन्हा गोलाई आली. म्हणजे या दोन विमानांची अंगलट पाहून ती आखली तेव्हा संगणकाची कुवत किती होती ते सांगता येतं. हे ज्याला एकदा कळलं त्याला पुन्हा ‘छान दिसतंय’ एवढ्यावर थांबवणं अवघड असतं.

मग लष्करी विमानंच का, प्रवासी का नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. प्रवासी विमानाला इतक्या लोकांना खूश ठेवायचं असतं की त्याच्या हातून वेडेपणा होणं शक्यच नसतं. प्रवाशाला खिडकी हवी, कंपनीला दर खुर्चीमागे इंधन कमी हवं, विमानतळाला ते ठरलेल्या दाराशी लागायला हवं. या सगळ्यांची समजूत काढता काढता पंखांखाली दोन इंजिनं लटकवलेली नळीच शिल्लक राहते, आणि एअरबसमध्ये बसलोय की बोइंगमध्ये हे समोरच्या खुर्चीच्या खिशातलं कार्ड वाचल्याशिवाय भल्याभल्यांना कळत नाही. लष्कराचं तसं नसतं. तिथे एकच हट्ट असतो, भीती असते आणि पैसा दुसऱ्याचा असतो. ए-१० हे अमेरिकी विमान जवळून बघा. त्याचं नाकाचं चाक मधोमध नाही, उजवीकडे सरकलेलं आहे. कारण मध्यावर तोफ आहे. आणि तोफसुद्धा किंचित डावीकडे आहे, कारण तिच्या सात नळ्यांपैकी ज्या नळीतून त्या क्षणी गोळा सुटतो ती नळी बरोबर मध्यरेषेवर यायला हवी, नाहीतर प्रत्येक फैरीला विमानाचं तोंड फिरेल. तोफेला जागा मिळाल्यावर जे उरलं त्यात चाकाची सोय लावली. इंजिनं मागे, उंचावर आणि शेपटाच्या आडोशाला, म्हणजे धावपट्टीवरचा कचरा आत जात नाही आणि खालून उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला ती सहजी सापडत नाहीत. या विमानाला प्रेमाने रानडुक्कर म्हणतात, आणि रानडुकराची त्याला हरकत असावी असं दिसत नाही.

फजितीची मजा हा आरोप मात्र मला सपशेल फेटाळता येत नाही. १९४८ मध्ये चाचणी झालेलं गॉब्लिन पाहून ज्याला हसू येत नाही त्याने डॉक्टरांना दाखवावं. बी-३६ या अवाढव्य बाँबफेकी विमानाचं रक्षण करायला इतक्या लांब पल्ल्याचं लढाऊ विमान नव्हतं, म्हणून ते बाँबफेक्याच्या पोटातच न्यायचं ठरलं. पोटात मावायचं म्हणून लांबी जेमतेम साडेचार मीटर, पंख घडीचे, चाकांना फाटा, आणि परत आल्यावर लटकायला नाकावर एक आकडा. सात उड्डाणांपैकी तीनच वेळा तो आकडा अडकला, कारण मोठ्या विमानाच्या पोटाखालची हवा या चिमुकल्याला झोकांड्या द्यायची. पहिल्याच उड्डाणात आकड्याऐवजी वैमानिकाच्या डोक्यावरची काच मोठ्या विमानाखाली लोंबणाऱ्या दांडीवर आदळून फुटली. हसून झाल्यावर शौकीन काय करतो ते महत्त्वाचं. तो विचारतो, मग पुढे काय केलं? उत्तर असतं : हवेत इंधन भरायचं तंत्र सुधारत गेलं आणि लांबचा पल्ला त्यातून साधला. अपयशी विमान त्याला एवढ्यासाठी हवं असतं. पण वाकडेपणा आणि अपयश यांचं लग्न लागलेलं नाही. जेटच्या जमान्यात पंख्यांवर उडणारं, तिरप्या पंखांचं, एका इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे लावलेलं सोव्हिएत बाँबफेकी टीयू-९५ पहिल्यांदा १९५२ मध्ये उडालं, तेही एवढ्यासाठी की त्या काळच्या तहानलेल्या जेट इंजिनांवर अमेरिकेपर्यंत जाऊन परत येणं जमत नव्हतं. रशियाकडे ते अजून सेवेत आहे. त्याचंच नौदली भावंड टीयू-१४२ आपल्या नौदलाने १९८८ मध्ये घेतलं आणि ते आधी गोव्यात दाबोळीला होतं. त्या पंख्यांचा आवाज विमानविश्वात इतका कुप्रसिद्ध आहे की त्या वर्षांत दाबोळीच्या आसपास राहणाऱ्यांना विमान ओळखायला आकाशाकडे बघायचीही गरज पडली नसणार.

राहिला सर्वांत जड आक्षेप. ही माणसं मारण्याची यंत्रं आहेत आणि त्यांच्या चाकांच्या जागेचं कसलं कौतुक करायचं? इथे थट्टा आवरती घ्यावी लागते. १९९१ च्या आखाती युद्धात ए-१० ची क्षेपणास्त्रं आणि २००३ मध्ये इराकमध्ये त्याची ती तोफ चुकून ब्रिटिश सैनिकांवरच चालली आणि माणसं मेली. मध्यरेषेवरची नळी रंगवून सांगणाऱ्याने हेही सांगायला हवं, आणि पुष्कळ शौकीन सांगत नाहीत. माझ्या कारणांच्या सिद्धांताला इथे धार यायला हवी. कारणं शोधायचीच तर परिणामांच्या अलीकडे थांबून चालत नाही. तरी एक नोंदवतो. ज्यांच्यावर हा वर्ग सगळ्यात जास्त जीव टाकतो त्यातली कित्येक विमानं कधी लढलीच नाहीत. गॉब्लिन नाही. थालीपिठाला दोन पंखे लावावेत तसं दिसणारं, १९४२ मध्ये उडालेलं व्हॉटचं व्ही-१७३ नाही. कॅस्पियन समुद्रावर पाण्यापासून काही मीटर उंचीवर दहा इंजिनांनिशी धावणारा, नव्वद मीटरहून लांब सोव्हिएत राक्षसही नाही. तो १९६६ ते १९८० एवढी वर्षं जगला आणि अपघातात बुडाला. युद्धाचीच भूक असती तर या बिनकामाच्या मंडळींना कुणी विचारलं नसतं.

आता ही जमात काळजीत आहे. रडार चुकवायचे नियम सगळ्यांना सारखेच लागू असल्यामुळे नवी लढाऊ विमानं एकमेकांसारखी दिसू लागली आहेत, तिरक्या जोडशेपटांसकट. मला ही काळजी अकाली वाटते. आपल्या नौदलाचं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर बघा : मुळात शेपटीला पंखा नाही, डोक्यावर एकावर एक दोन पंखे, आणि पोटाला चिकटवून ठेवलेली सुमारे सहा मीटरची रडारची फळी. हवेत गेल्यावर ही फळी खाली उघडते आणि गोल फिरू लागते. तिच्या वाटेत येऊ नयेत म्हणून चाकांना पाय वर घ्यावे लागतात. लांबच्या धोक्याची चाहूल लागायला हवी, पण मोठं रडारवाहू विमान उडवण्याइतकी लांब धावपट्टी जहाजावर नाही, असा पेच जोवर कुणापुढे येतोय, तोवर शौकिनांच्या पोटापाण्याची सोय आहे. बाकीच्यांनी तोपर्यंत राफेल आणि टायफूनमधला फरक शोधत बसावं.