पंख्याची युनिटं

आमच्या नानाकाकांचं एक ठाम मत आहे. मुंबई ही मुळात वसईची भाडेकरू. विरार लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी कुणाच्या दहाव्यालासुद्धा ते हे ऐकवू शकतात, आणि कुणी हसलंच तर पुरावा म्हणून पोर्तुगीजांना हजर करतात. सोळाव्या शतकात मुंबई बेटाचा कारभार वसईतून चाले. शतकाच्या मध्यावर ते अख्खं बेट गार्सिया द ऑर्ता नावाच्या एका वैद्याला सालीना सुमारे १४३२ पर्दाव भाड्याने देऊन टाकलं. त्याने तिथे घर केलं, बाग केली आणि आपल्या बेटावरचं एक आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, असं १५६३ च्या ग्रंथात नोंदवूनही ठेवलं.

"पण आंबे मालकाचे की भाडेकरूचे, ते लिहिलं नाही," नाना म्हणतात. "तिथेच सगळा घोळ झाला."

पुढे १६६१ मध्ये मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. ताबा मिळायला चार वर्षं लागली हे नानांनाच ठाऊक असतं. गोव्याचा व्हाइसरॉय दाद देईना. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर खोळंबून राहिला आणि १६६४ साली तिथेच वारला. ("ताबा मिळायच्या आत वादी खलास. वारस नोंद लावायला लागली असणार.") शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक नावाच्या त्याच्या मदतनिसाने ताबा घेतला. म्हणजे काय केलं, तर बेटावर चालला, हातात माती आणि दगड घेतले आणि तसं दस्तात लिहवून घेतलं. हा सोहळा ऑर्ताच्याच जुन्या वाड्यात झाला. तिथे तेव्हा दोना इनेस द मिरांडा नावाच्या बाई राहत होत्या आणि त्यांच्या मर्जीशिवाय त्यांच्या मिळकतीला हात लावायचा नाही, अशी करारात अट होती.

"बघ. कागद इंग्रजांचा, घरात बाई," एवढं बोलून नाना ओट्यावरून पलीकडच्या दाराकडे सूचक नजर टाकतात. "आणि तीन वर्षांत राजाने ते बेट दहा पौंड सालाने कंपनीला दिलं. पोटभाडेकरू! मूळ मालकाची लेखी संमती न घेता!"

पलीकडच्या दारात भाऊ पेपर वाचत बसलेले असतात. ते पान उलटतात.

भाऊ आमचे भाडेकरू. वसई गावातल्या आमच्या कौलारू घराच्या उत्तरेकडच्या दोन खोल्या माझ्या आजोबांनी भाऊंच्या वडिलांना महिना बारा रुपयांनी दिल्या होत्या. करार वगैरे काही झाला नाही. विहिरीवर पाणी भरताना बोलणं झालं आणि एक वहीचं पान फाडून पावती लिहिली गेली. त्या काळी १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठवलेली होती, त्यामुळे बारा रुपये हे पुढे हिमालयासारखे अढळ राहिले. नव्या सहस्रकात, ३१ मार्च २००० ला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. नानांना वाटलं, आता न्याय मिळणार. वाचून बघितलं तर जुन्या भाड्यावर पाच टक्के वाढ आणि पुढे दरसाल चार टक्के. नानांनी पेन्सिल घेऊन हिशेब केला. बाराचे झाले बारा रुपये साठ पैसे आणि पुढच्या वर्षीची वाढ पन्नास पैसे. त्या सुमाराला वसईत पन्नास पैशांत फक्त वजन करून मिळत असे.

दावा मात्र त्याच्याही आधीचा. निमित्त फणस. झाड आमच्या परसात, फांदी भाऊंच्या पडवीवर. एका मे महिन्यात एक फणस त्या बाजूला पडला, सहा कौलं फुटली, आणि कौलं कुणी घालायची व फणस कुणी खायचा असे दोन मुद्दे एकाच वेळी उपस्थित झाले. फणस भाऊंकडे कापला गेला. अर्धे गरे रीतसर आमच्याकडे आले. नानांनी ते खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले.

फणसावर दावा होत नाही, असं वकील म्हणाले. कारण हवं. सगळ्यांत सोयीचं कारण म्हणजे मालकाची स्वतःची गरज, प्रामाणिक आणि रास्त. आमच्या घरात तशी गरज कुणालाच नव्हती. तेव्हा मी नववीत होतो. नानांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग दाव्यात लिहिलं गेलं की, वादीचा पुतण्या मोठा होत असून लवकरच त्याचं लग्न करावं लागणार आहे, सबब जागा अपुरी पडते. मला मिसरूडही फुटलं नव्हतं आणि माझ्या लग्नाची कोर्टात नोंद झाली.

भाऊंच्या वकिलाने कैफियत दिली तीही कमी नव्हती. त्यांनी मिळकत पत्रिका काढली आणि तीत आजोबांच्या बरोबर त्यांच्या धाकट्या भावाचं नाव सापडलं. हे धाकटे आजोबा कधीकाळी बडोद्याला गेले ते गेलेच. म्हणजे नाना मालक नाहीतच, फार तर हिस्सेदार, आणि बाकीचे वारस कोण, किती, कुठे, हे आधी सिद्ध करा. ओट्यावर एकदम शांतता पसरली. ज्या घरात नाना जन्मले त्या घराचे ते मालक आहेत की नाहीत, हा प्रश्न वसईत पहिल्यांदा विचारला गेला होता, आणि तोही रोज सकाळी आमच्या तुळशीला पाणी घालणाऱ्या माणसाने.

आमच्या वकिलांनी धीर दिला. एकटा सहमालकही भाडेकरूवर दावा लावू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच सांगून ठेवलंय. शिवाय पुरावा कायद्याचं कलम ११६ आहेच. ज्याला मालक मानून घरात शिरलात, तो शिरते वेळी मालक नव्हताच असं तिथे राहून म्हणता येत नाही. नानांना हे कलम फार आवडलं. त्यांनी ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवलं, दर वर्षी नव्या कालनिर्णयावर उतरवून घेत राहिले, आणि भाऊ दारावरून गेले की मोठ्याने म्हणू लागले. १ जुलै २०२४ ला नवा साक्ष अधिनियम आला आणि त्यात ते कलम १२२ झालं. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. अर्थ तोच आहे, असं मी समजावलं, पण आयुष्यभर ज्या देवाचा जप केला त्याचं नावच बदललं होतं.

तसं बघितलं तर आमच्या दाव्याच्या भोवती सगळंच बदललं. नगरपरिषद होती तिची २००९ साली वसई-विरार महापालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा तुटून पालघर झाला. घरपट्टीच्या उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात आजोबा आणि भोगवटादाराच्या रकान्यात भाऊंचे वडील तेवढे तसेच राहिले. दोघेही केव्हाचेच दिवंगत.

दावा लांबला यात कोर्टाचा दोष नाही, हे मी इथे स्वच्छ सांगतो. तारीख दर वेळी आमच्यापैकीच कुणीतरी मागितली. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. दोन्हीकडच्या वकिलांनी ते अत्यंत आदराने वाचलं होतं. कधी आमचे वकील आजारी, कधी त्यांचे. कधी गणपती, कधी नाताळ, कधी पावसात गाड्या बंद. नाना आणि भाऊ मात्र एकही तारीख चुकवत नसत. पहिल्या वर्षी दोघे वेगवेगळे गेले. मग रिक्षाने भाडं वाढवलं आणि काकूंनी विचारलं, "जायचं एकाच ठिकाणी, मग दोन रिक्षा कशाला?" तेव्हापासून वादी-प्रतिवादी एका रिक्षात. जाताना भाडं नाना देतात, येताना भाऊ. नानांच्या मते या घरात वेळेवर मिळणारं भाडं हेच एकमेव.

कारण घराचं भाडं त्यांनी घेणं बंद केलं होतं. दावा चालू असताना भाडं घेतलं तर केस कमजोर होईल, असं वकील म्हणाले. आणि भाडं दिलं नाही तर भाऊंची केस कमजोर होणार. म्हणून भाऊ मनिऑर्डर करत. दोन दारांत अंतर एका पडवीचं; पैसे पोस्टात जाऊन, शिक्के खाऊन, पोस्टमनच्या पिशवीतून त्या पडवीवर परत येत. बारा रुपयांवर कमिशन एक रुपया. पोस्टमन आमच्या ओट्यावर चहा घेई, फॉर्मवर 'घेण्यास नकार, सबब परत' असा शेरा लिही आणि पलीकडे जाऊन पैसे परत देताना दुसरा चहा घेई. मनिऑर्डरच्या फॉर्मला तेव्हा खाली मजकुरासाठी थोडी जागा असे. भाऊ काटकसरी माणूस. पैसे दिलेत तर जागा वाया का घालवायची? 'भाडे माहे जून. नानांच्या पाठीला निर्गुडीचा पाला बांधून पाहावा.' 'भाडे माहे ऑक्टोबर. चि. पुतण्याचे पास झाल्याबद्दल अभिनंदन.' नाना पैसे नाकारत, पण मजकूर वाचल्याशिवाय फॉर्म परत देत नसत. निर्गुडीने पाठीला उतार पडला, हे त्यांनी अद्याप कोर्टासमोर कबूल केलेलं नाही.

माझी साक्ष निघाली तेव्हा माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जात होती. भाऊंच्या वकिलांनी विचारलं, "लग्न झालं?"

"झालं."

"राहता कुठे?"

"विरारला. फ्लॅट घेतला."

"म्हणजे गरज भागली?"

मी आमच्या वकिलांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते. खरं म्हणजे वकिलांना विचारायची गरजच नव्हती. माझ्या लग्नात पंगतीत जिलबी वाढायला प्रतिवादी स्वतः होता.

मग एक दिवस आमचं पारडं अचानक जड झालं. भाऊंच्या मुलाने नालासोपाऱ्याला जागा घेतली आणि भाऊ-वहिनींना बरोबर नेलं. आमचे वकील आनंदाने उभेच राहिले. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर भाडेकरूला काढता येतं, असं नव्या कायद्यात स्पष्ट आहे. पुरावा? लाइट बिल. युनिटं शून्य आली की संपलं. भाऊंनाही त्यांच्या वकिलाने हेच सांगितलं असणार, कारण दर पंधरवड्याला भाऊ लोकलने येत, कुलूप उघडत, पंखा पाचावर लावत आणि त्याखाली पेपर वाचत बसत. वारा खायला नव्हे, मीटर फिरवायला. नाना बाहेर मीटरच्या पेटीसमोर बॅटरी आणि वही घेऊन उभे. आत भाऊ युनिटं जाळताहेत, बाहेर नाना ती टिपून घेताहेत. मध्येच काकू दोघांनाही चहा देत.

पावसाळ्यात भाऊंचा पाय मोडला. प्लास्टर, मग फिजिओथेरपी; येणं बंद. तुळशीला पाणी घालायला किल्ली नानांकडे होतीच. महिने गेले. वकील रोज बोटं मोजत होते. सहा महिने भरल्यावर त्यांनी वीज कंपनीकडून बिलांच्या प्रती मागवल्या आणि मला फोन केला. आवाज बरा नव्हता.

"दर महिन्याला बारा-चौदा युनिटं दिसताहेत. घरात होतं कोण?"

मी वसईला गेलो. नाना ओट्यावर होते. मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला.

"बंद ठेवून पंखा जाम होतो," ते म्हणाले. "बेअरिंगं जातात."

"पण नाना, तो भाऊंचा पंखा."

"घर कुणाचं?"

या प्रश्नावरच दावा चालू असल्यामुळे मी गप्प बसलो.

मध्यंतरी एक बिल्डर आला. आमच्या गल्लीत आता दोन्ही बाजूंना सात-सात मजले उभे आहेत. समोर केळीची वाडी होती तिथे पार्किंग आहे. विहीर स्लॅबखाली गेली. जुनी म्हणता येतील अशी घरं आता आमच्या भागात मोजकी उरली, आणि मी माहिती काढली तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या बहुतेकांवर दावे आहेत. कुठे भावाभावांचा, कुठे चर्चशेजारच्या वाटेचा, कुठे आमच्यासारखा कुळाचा. दाव्यातल्या मिळकतीला कुणी शहाणा बिल्डर हात लावत नाही. मला तर वाटतं, वसईतल्या त्या कौलांना वासे कमी आणि मनाई हुकूमच जास्त धरून ठेवत असावेत.

हा बिल्डर तेवढा शहाणा नव्हता. त्याने नानांना फ्लॅट देऊ केला, भाऊंना फ्लॅट देऊ केला, वर रोख. भाऊ काठी टेकत नालासोपाऱ्याहून आले होते. दोघे ओट्यावर शेजारी शेजारी बसले. बिल्डरने नकाशा पसरला. फणस होता तिथे लिफ्ट होती.

"म्हणजे एवढी केस मिटवली की झालं," बिल्डर म्हणाला. "किती दिवसांत मिटेल?"

नानांनी भाऊंकडे बघितलं.

"माझे अजून दोन साक्षीदार तपासायचे आहेत," भाऊ म्हणाले.

"आणि बडोद्याचे वारस शोधायचे आहेत," नाना म्हणाले. हे ते आजवर कधी म्हणाले नव्हते.

"मग अपील आहे," भाऊ म्हणाले.

"कुणीही जिंकलं तरी," नानांनी पुस्ती जोडली आणि त्या माणसाला थोरातांची गोष्ट सांगितली. धार्मिक उत्सवांतल्या मानाचा दावा, १२०५ साली मालोजी थोरातांनी लावलेला, निकाल लागला पुण्यात २८ एप्रिल १९६६ ला, बाळासाहेब थोरातांच्या बाजूने. ७६१ वर्षं. गिनेस बुकात नोंद आहे. "त्या मानाने आम्ही नवीन आहोत."

बिल्डरने नकाशा गुंडाळला. तो गेल्यावर भाऊंनी खिशातून फोन काढला, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये आमचा सोळा अक्षरी नंबर पाठच असल्यासारखा टाकला आणि पुढची तारीख वाचून दाखवली. मंगळवार होता. नाना म्हणाले, मंगळवारी माझी डॉक्टरची वेळ आहे, तुमच्या वकिलाला सांगून मुदत मागून घ्या.

"मागच्या वेळी आम्हीच मागितली," भाऊ म्हणाले. "आता तुमची पाळी."